दोन गाड्यांच्या मधले धडे

ती पहिल्यांदा भेटली तेव्हा भांडायलाच आली होती.

मी बसडेपोत सीटा शिवतो. फाटलेलं रेक्झिन काढायचं, खालचा स्पंज बदलायचा, नवीन कव्हर ताणून बसवायचं. शाळा सुटली की माझी मुलगी वर्कशॉपमध्ये येते आणि जुन्या स्पंजच्या ढिगावर बसते. मांडीवर गृहपाठाची वही उघडी, आणि नजर मात्र छताखालच्या भोंग्याकडे. भोंग्यातून घोषणा झाली की ही ती जशीच्या तशी म्हणायची. तोच सूर, तोच श्वास, मधलं ते बारीक खाकरणंसुद्धा. फोरमन काकांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं.

त्या दिवशी रेडिओ पाणी प्यायला फलाटाच्या टोकाला गेली आणि तिथे उभी राहून तिने ऐटीत जाहीर केलं, की चार नंबरची गाडी आज नऊ नंबरला लागेल. पिशव्या, पोरंबाळं घेऊन माणसं नऊकडे धावली. गाडी चारला येऊन रिकामी उभी राहिली.

थोड्या वेळाने वर्कशॉपच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. छत्री न घेताच आली होती. केसांवर पाण्याचे बारीक थेंब, आणि डोळ्यांत राग.

"माझा आवाज कोण चोरतंय इथे?"

आवाज ऐकला आणि हाताखालची मशीन थांबली. वर्षानुवर्षं डोक्यावर वाजणारा भोंगा चपला घालून समोर आला होता.

"पोरगी आहे माझी," मी म्हणालो. "चुकलं तिचं. परत नाही करणार."

"ही? एवढीशी?" तिने मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "करून दाखव बघू."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग करून दाखवलं, खाकरण्यासकट.

बाईचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. राग कुठल्या कुठे गेला. "मी... खाकरते?"

"दर वेळी," मी म्हणालो.

"दर वेळी ऐकता वाटतं तुम्ही?"

"भोंगा डोक्यावरच आहे. न ऐकून जातो कुठे?"

"एवढा त्रास होत असेल तर कापूस घाला कानात."

"त्रास होतो असं कुठं म्हटलं मी—"

तोंडातून निघून गेलं. फोरमन काका भिंतीकडे बघून हसले. ती पण हसणार होती, पण तिने ते ओठांतच दाबलं. बायको गेल्यापासून मी कुणाशी एवढी वाक्यं बोललो नव्हतो. मला लगेच स्वतःचीच लाज वाटली. मी मशीनवर वाकलो, आणि ती जाईपर्यंत मान वर केली नाही.

बायको मागच्या थंडीत गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली. तिथून घरी आणलीच नाही.

तेव्हापासून मुलगी शाळेत मागे पडत गेली. आधी वर्गातल्या बाई कौतुक करायच्या, हिला सगळे धडे पाठ असतात म्हणून. आता पेपर कोरे यायला लागले. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"आई गेली, आम्हाला कळतं. पण वर्ष व्हायला आलं. या परीक्षेतही असंच झालं तर तिला इथे ठेवता येणार नाही. दुसरी शाळा बघून ठेवा."

दुसऱ्या शाळा मी बघून आलो होतो. मार्क बघितले की दारातूनच परत पाठवायचे. एकाने तर म्हटलं, हिला शिवणकाम शिकवा, तुम्हाला मदत होईल. मुलगी शेजारीच उभी होती.

घरी मी तिला घेऊन बसायचो.

"वाच."

पानाचा कोपरा दुमडत बसायची.

"वाच ना ग. हे बघ, इथून."

बोट अक्षरावर, नजर भलतीकडे. मी ओरडायचो. मग ती एका खोलीत रडायची आणि मी दुसऱ्या. खोल्या दोनच, त्यामुळे एकमेकांचं रडणं ऐकू यायचं.

घोषणावाली बाई काही दिवसांनी परत आली, या वेळी खुर्ची घेऊन. म्हणाली, केबिनमधल्या खुर्चीची सीट टोचते.

"बाई, ही तर आम्ही आत्ताच करून दिली होती," फोरमन काका म्हणाले. "स्पंज बघा, कोरा आहे."

"मग कोऱ्या स्पंजची टोचत असेल." ती लाल झाली, आणि माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाली, "चल ग रेडिओ, माझी केबिन बघायची? खरा माइक आहे."

मुलगी उडी मारून उठली. मी पण खुर्ची उचलून मागोमाग गेलो. ती पोचवायला नको का कुणी?

केबिन म्हणजे काचेची एक पेटी. एक माणूस बसेल आणि दोघं अंग चोरून उभी राहतील एवढीच. बाईने एका चिठ्ठीवर घोषणा लिहिली आणि मुलीच्या हातात दिली. "हे वाचायचं. लाल दिवा लागला की सुरू कर."

दिवा लागला. मुलीने चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि सुंदर घोषणा केली. एकही शब्द अडला नाही. बाहेरच्या माणसांनी माना वर केल्या. मला तर भरूनच आलं.

बाईने माइक बंद केला. चिठ्ठी मुलीच्या हातातून घेतली, आणि गुपचूप माझ्यासमोर धरली.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'फलाटावर झोपू नये.' मुलगी बोलली होती ती सामान सांभाळायची घोषणा.

मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. तिला कळलं होतं की आपण पकडले गेलो. "आई वाचायची," ती म्हणाली. "मग मला यायचं."

मग हळूहळू सगळं समजलं. बायको संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता धडे मोठ्याने वाचायची. मुलगी ऐकायची. कुठे पान उलटायचं तेसुद्धा पाठ. ती वाचतच नव्हती, कधीच वाचत नव्हती. मी इतके दिवस समजत होतो की पोरगी दुःखाने मागे पडली. दुःख तर होतंच. पण अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर उभीच राहत नव्हती, आणि अक्षरांऐवजी जी आई होती ती गेली होती.

"माझा भाऊ असाच होता," घोषणावाली बाई म्हणाली. "सगळ्यांनी ढ म्हणून म्हणून त्याला घरी बसवला. आता कुणी कागद पुढे केला की उठून जातो." ती काचेबाहेर बघत होती. "हिला नाही बसवायचं घरी."

"मी वाचून दाखवीन," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी वाचलं. माझं वाचणं म्हणजे पत्र्यावर खिळे सांडावेत तसं. मुलगी अर्ध्या पानातच पेंगली.

दुसऱ्या दिवसापासून बाई वाचायला लागली. दोन गाड्यांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढा. गाडी आली की धडा थांबायचा, घोषणा व्हायची, मग धडा पुढे. राजाच्या गोष्टीत राजा रडायला लागला की बाई खरीच रडवेली व्हायची, आणि मग डोळे पुसून प्रवाशांना सांगायची की मार्गावर काम चालू असल्याने गाडी उशिरा सुटेल. मुलगी खिदळायची. किती दिवसांनी ते खिदळणं ऐकत होतो!

ते ऐकायला मी काहीतरी निमित्त काढून जायचो. कधी काचेचं रबर बसवायला, कधी नुसताच.

"रोज काय हो मोडतं माझ्या केबिनमध्ये?" ती विचारायची.

"जुनी केबिन आहे."

"केबिन जुनी आहे, आणि तुमच्या केसांत स्पंज आहे. थांबा... हलू नका."

ती बोटांच्या टोकांनी स्पंजचा कण काढायची. एकच कण असायचा, पण काढायला तिला वेळ लागायचा. मी श्वास रोखून उभा राहायचो. वर्कशॉपमध्ये परत आलो की फोरमन काका म्हणायचे, "काय रे, आज भांग पाडलायस? सीटांना दाखवायला?"

मी हे शाळेत सांगितलं, तेव्हा त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी मुलीला तपासलं आणि शाळेला लिहून दिलं, की हिला प्रश्न वाचून दाखवा, ती तोंडी उत्तरं देईल. मोठ्या बाई तयार झाल्या. म्हणाल्या, एक संधी देते, एकच. पण समुपदेशक बाईंनी मला बाहेर घेऊन हेही सांगितलं, की अक्षरं बसायला वर्षं लागतील, आणि पूर्ण बसतीलच असं नाही. "आशा सोडू नका, पण फार धरूही नका," त्या म्हणाल्या. म्हणजे नेमकं काय करायचं ते मला आजही समजलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

बायको गेल्यावर थोड्याच दिवसांनी, सकाळी मी चहा ठेवत होतो. मुलगी अंघोळीला गेली होती. आणि बाथरूमच्या बंद दारामागून बायको बोलली.

"केस नीट पूस ग. कानामागे साबण राहिला बघ."

हातातलं भांडं खाली पडलं. तिचाच आवाज, अगदी तिचा. मग लक्षात आलं... रेडिओ. पोरगी आईचा आवाज काढत होती.

मी तिला काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. पण त्यानंतर रोज सकाळी मी दाराबाहेर जाऊन उभा राहायचो, टॉवेल खांद्यावर टाकून. आतून दोन-तीन वाक्यं यायची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. बाकी दिवसभर आठवायला गेलो तरी तिचा आवाज मला आठवायचा नाही. चेहरा आठवायचा, हात आठवायचे. आवाज फक्त त्या दारामागे होता.

परीक्षा जवळ आली होती. मुलगी धडेच्या धडे म्हणत होती. आणि एका सकाळी आतून आलं—

"केस नीट पूस ग."

शब्द बायकोचे होते. आवाज भोंग्यातला होता.

परत प्रयत्न झाला, परत तोच आवाज. मग नुसतंच पाणी वाहत राहिलं, किती तरी वेळ.

त्या दुपारी मुलगी केबिनमध्ये गेली नाही. बाई स्वतः बोलवायला आली, तर हिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले आणि स्पंजच्या ढिगात तोंड खुपसलं.

"माझं काही चुकलं का?" बाईने मला विचारलं.

मी तिला वर्कशॉपच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. बाथरूम, दार, टॉवेल, सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हणजे मी आत जाते तशी ती बाहेर जाते," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मग मी माझा आवाज काढून घेते. छापील वाचेन, नुसती घोषणा. त्यात कुणीच नसतं."

तिने तसं केलं. मुलीला कसंबसं समजावून परत केबिनमध्ये नेलं. राजा मेला तरी बाईच्या आवाजात काही हललं नाही. गाडी सुटावी तसा राजा मेला. मुलगी शहाण्यासारखी बसून ऐकायची, आणि नंतर विचारलं की तिला एक ओळ सांगता यायची नाही.

"ऐकू येतं," ती म्हणायची, "पण राहत नाही."

बाई माझ्याशीही छापीलच बोलायला लागली. "धडा संपला आहे. मुलीला न्यावे." केसांतला स्पंज केसांतच राहायला लागला.

परीक्षा येऊन ठेपली, आणि मुलीला पुन्हा काहीच येत नव्हतं. बाथरूममधूनही काही येत नव्हतं. आम्ही दोन्हीकडून गेलो होतो.

मग एक सुट्टीची सकाळ होती. मुलगी आत, मी बाहेर. सवयीने उभा होतो.

"बाबा," आतून तिच्या स्वतःच्या आवाजात आलं. "जा तू. आज पण नाही येत."

"तुला माहिती होतं मी इथे असतो?"

"दाराखालून पाय दिसतात तुझे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुझ्यासाठीच तर काढायचे मी. मला आई अशीच आठवते, आवाज न काढता. तुला नाही ना आठवत." तिने नळ बंद केला. "भोंग्यातल्या मावशीने खरं खरं वाचलं की धडा राहतो, पण आई जाते. मग तू काय ऐकशील? म्हणून मी नाही जाणार तिकडे."

मी दाराला टेकून खाली बसलो. माझी समजूत अशी होती, की पोरगी आईला धरून बसलीय. ती मला धरून बसली होती. चौथीतली पोर शाळा सोडायला निघाली होती, कशासाठी, तर बापाला सकाळी दोन वाक्यं ऐकू यावीत म्हणून.

"ऐक," मी म्हणालो. "आईचा आवाज जाऊ दे."

"तू रडशील."

"रडेन. ते माझं काम आहे. तुझं नाही. तू धडे ऐक."

मग कडी वाजली. ओल्या केसांनी ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. मी तिचे केस पुसले. कानामागे साबण राहिलाच होता.

दुसऱ्या दिवशी मी सरळ केबिनमध्ये गेलो. काही दुरुस्त करायला नाही.

"वाचा," मी म्हणालो. "तुमच्याच आवाजात वाचा."

"त्याचा अर्थ समजतोय ना तुम्हाला?"

"समजतोय."

"तिचा आवाज परत मागायचा नाही मग माझ्याकडे. मला देता येणार नाही."

"नाही मागणार."

तिने पुस्तक उघडलं. राजा पुन्हा रडला, आणि या वेळी त्याच्याबरोबर केबिनमधली तीन माणसं रडली. बाहेर गाडी येऊन उभी होती.

परीक्षा झाली. शाळेतल्या कारकुनाने प्रश्न वाचले, मुलीने तोंडी सांगितलं. निकालाच्या दिवशी मोठ्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. भाषेत नापास, कारण तिथे लिहायचंच होतं. बाकी सगळं काठावर. "ठेवून घेते," त्या म्हणाल्या. "पण पुढचं वर्ष याहून जड आहे, सांगून ठेवते." मला धड आनंद पण करता येईना.

डेपोत आलो. मुलगी निकाल सांगायला फोरमन काकांकडे पळाली. बाई केबिनबाहेरच्या बाकावर बसली होती.

"ठेवून घेतलं," मी सांगितलं.

तिने डोळे मिटले, उघडले. "झालं मग. माझं काम संपलं."

"पुढच्या वर्षी परत धडे आहेत."

"धड्यांसाठीच का?"

"नाही, म्हणजे... धडे आहेतच, पण मला... तुम्ही जर घरी—"

"वाक्य पूर्ण करा. अर्ध्या वाक्यावर माणसांच्या गाड्या चुकतात."

"मला तुम्ही आवडता. घरी या. कायमच्या."

ती हसली नाही. "रेडिओला विचारलंत?"

"तीच म्हणाली. बाबा, तू विचार एकदा, मी वाट बघून कंटाळले."

आता हसली. हसता हसता माझ्याकडे नीट बघितलं. "रडताय तुम्ही."

"हो."

"माझ्यामुळे, की तुमच्या बायकोमुळे?"

"कळत नाही."

"चालेल," ती म्हणाली, आणि माझा हात तिने आपल्या हातात घेतला. सुया टोचून टोचून खरखरीत झालेला हात.

"कसा होता हो तिचा आवाज?" तिने विचारलं.

"आता ऐकू येत नाही मला."

"नसू दे ऐकू येत. कसा होता ते सांगा. मी घरात दिवसभर बोलणार. हाका मारणार, भांडणार. जो थोडाफार उरलाय तोही जाईल. त्याआधी मला सांगून ठेवा."

मी सांगायला लागलो. जरा जाडा होता, म्हटलं. सकाळी घोगरा असायचा. रागावली की चढायचा नाही, उलट खाली यायचा. मला हाक मारायची तेव्हा शेवटी... शेवटी काय व्हायचं ते मला सांगता येईना. शब्दच नव्हते माझ्याकडे. मी नुसतेच ओठ हलवले.

"असू दे," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून सांगा."